शिरगणती आणि संकट
(चिक्कडपल्ली येथील व्याख्यान)



२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला आलेल्या महापुरात किती माणसे दगावली, याचे निश्चित उत्तर आजही नाही. पंधरा हजार हा आकडा सर्वत्र सांगितला जातो. पण तो अंदाजच. १९०१ च्या शिरगणतीत शहराची लोकसंख्या ४ लाख ४८ हजार नोंदली गेली होती. मात्र नदीकाठच्या कोणत्या गल्लीत त्या रात्री कोण निजले होते, हे त्या आकड्यावरून कळणार नव्हते. अफझलगंजच्या इस्पितळालगतच्या चिंचेवर चढलेले सुमारे दीडशे जण वाचले. उर्दू कवी अमजद हैदराबादी वाचले, पण त्यांची आई, पत्नी व मुलगी वाहून गेली. बुडालेल्या बहुतेकांची साधी गणतीही मागे राहिली नाही.

पुढे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना पाचारण झाले. त्यांच्या सल्ल्यातून उस्मानसागर (१९२०) व हिमायतसागर (१९२७) उभे राहिले. पाण्याची मोजदाद उत्तम झाली. माणसांची तशी झाली असे म्हणवत नाही.

एके काळी याच संस्थानात असलेल्या किल्लारीचे उदाहरण अधिक बोलके आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणेशविसर्जनाची रात्र सरत असताना, दगडमातीची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. मृतांची संख्या आठ हजारांच्या घरात गेली. १९९१ ची जनगणना ताजी असल्याने गावोगावची वस्ती कागदावर होती. पण ५२ गावांचे स्थलांतर करताना घराचे माप ठरले ते जमिनीवरून: भूमिहीन व अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्या शेतकऱ्याला ४००, सात हेक्टरांहून अधिक जमीन असणाऱ्याला ७५०. घरात माणसे किती, हा प्रश्न सातबाऱ्यापुढे मागे पडला. भूमिहीनाच्या घरी आठ तोंडे असली तरी छप्पर तेवढेच! जमीन मोजण्याची सवय सरकारला फार जुनी आहे.

जनगणनेचीही एक मर्यादा ध्यानात घ्यावयास हवी. ती फेब्रुवारीत होते. बेघरांची नोंद २८ फेब्रुवारीच्या रात्री घेतात. त्या वेळी मराठवाड्यातील ऊसतोड कुटुंबे कारखान्याच्या फडात असतात. पूर येतो तेव्हा तीच कुटुंबे गावी परतलेली असतात. शहरात इमारतींच्या बांधकामावर राहणाऱ्या मजुरांचे शिधापत्रक गावी आणि संसार येथे, अशी स्थिती असते.

चिक्कडपल्लीला हे परके नाही. हुसेनसागराचा सांडव्याचा नाला अशोकनगरच्या बाजूने मुसीकडे जातो. २४ ऑगस्ट २००० रोजी चोवीस तासांत २४ सेंटीमीटर पाऊस पडला, तेव्हा नाल्याकाठची वस्ती पाण्यात गेली. ऑक्टोबर २०२० मध्ये पुन्हा तेच घडले, आणि तेव्हा हाताशी होते ते २०११ चे आकडे. पुढची गणना कोरोनामुळे लांबली होती. तिच्यासाठी नंतर १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख जाहीर झाली.

शिवाय १९४८ च्या जनगणना कायद्यानुसार व्यक्तिगत माहिती गुप्त राहते, आणि ते योग्यच आहे. त्यामुळे होडी कोणत्या दारी आधी न्यावी हे जनगणना सांगणार नाही. गरोदर स्त्रिया व तान्ही मुले कोठे आहेत हे अंगणवाडीच्या वहीत असते. अंथरुणाला खिळलेले वृद्ध कोण, हे शेजाऱ्यांना ठाऊक असते. मृगापूर्वी या नोंदी गल्लीवार एकत्र करून वॉर्ड कार्यालयात ठेवण्यास फारसा खर्च येणार नाही. मात्र नाल्याकाठचा भाडेकरू आपले नाव देण्यास कचरतो, कारण यादीनंतर वस्ती उठवली जाते हा त्याचा अनुभव आहे. ती भीती दूर झाल्यावाचून यादी पुरी होणार नाही.