नटांच्या आवाजाचा गुरू आणि ज्ञानकोश
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात कळंब येथे दिलेले भाषण)



श्रीचिंतामणीच्या या क्षेत्री आपण जमलो असता एक प्रश्न मांडण्याची अनुज्ञा आम्ही घेतो. नाटकातील नटांचा आवाज तयार करणारा गुरू ज्ञानकोशात स्वतंत्र नोंदीस पात्र आहे काय? विषय दूरचा वाटेल. परंतु मंडळाकडे पूर्वजांची माहिती येते तेव्हा हाच प्रश्न निराळ्या वेषात आपणांपुढे उभा राहतो. कोणाचे नाव ठेवावे आणि कोणाचे गाळावे?

एक पक्ष म्हणतो की, ज्याने रंगभूमी गाजविली त्याचीच नोंद करावी. पडद्यामागील सर्वांना घेऊ लागल्यास ग्रंथ कधीच पुरा व्हावयाचा नाही. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अमरावतीस शिकलेल्या डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड सिद्ध केले. पुढे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. अशा ग्रंथांत जागा मोजकी असते, आणि कोश म्हणजे काही सत्कारसमारंभ नव्हे.

तथापि गायनाचार्य भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांचे उदाहरण पाहा. बालपणी ते किर्लोस्कर नाटक मंडळीत गात असत. वयात येताना आवाज फुटला आणि रंगभूमी सुटली. पुढे त्यांनी फैज महंमदखाँ, नत्थनखाँ व अल्लादियाखाँ यांच्यापाशी विद्या मिळविली. १९११ साली पुण्यात भारत गायन समाज स्थापन केला. १९१६ साली गंधर्व नाटक मंडळीने 'स्वयंवर' रंगभूमीवर आणले, त्यातील पदांना चाली त्यांच्याच. बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव हे त्यांचे शिष्य. ध्वनिक्षेपक नसलेल्या त्या काळी शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचविणे ही श्वासाची व सुराची रोजची मेहनत होती. बालगंधर्वांचे गाणे समजावून सांगू लागावे, तर गुरूपाशी थांबल्यावाचून पुढे जाताच येत नाही.

येथेच आम्हांस कसोटी सापडते. ज्याचे नाव गाळले असता दुसऱ्याची नोंद अपुरी राहते, आणि ज्याचे कार्य पुराव्याने दाखविता येते, तो कोशात असावा. मग तो पडद्यापुढे असो वा मागे. पहिली अट कार्याची, दुसरी पुराव्याची. शिष्याची कीर्ती आपोआप गुरूची होत नाही. गुरूने त्याला नेमके काय दिले, हे सांगता आले पाहिजे.

दुसऱ्या अटीपाशी आपल्याकडील पुष्कळ गुरू अडतात. इंग्लंडात सिसिली बेरी (१९२६–२०१८) या बाईंनी १९६९ पासून रॉयल शेक्सपिअर कंपनीत नटांना आवाजाचे शिक्षण दिले आणि १९७३ साली आपली पद्धत ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्यामुळे त्यांचे कार्य त्यांच्यामागेही तपासता येते. आपल्याकडे विद्या तोंडी चालली. शिष्य गेला की गुरूही विस्मृतीत गेला. आम्ही शिक्षकी पेशातले, तेव्हा गुरुजनांचा पक्ष घेणार, असे कोणी म्हणेल. परंतु शिक्षकालाच ठाऊक असते की, पुराव्यावाचून दिलेले गुण टिकत नाहीत.

सारांश, आमचे उत्तर असे : असा गुरू पात्र ठरू शकतो, पण गुरू एवढ्यामुळे नव्हे, आणि रंगमंचावर दिसला नाही एवढ्यामुळे अपात्रही नव्हे. आपल्या कुटुंबांत कोणी नाटक मंडळीत, मेळ्यात वा भजनी मंडळात मुलांचे गळे तयार केले असतील, तर 'थोर होते' असे लिहून पाठवू नका. कोणत्या साली, कोणत्या मंडळीत, कोणाला, काय शिकविले, ते लिहा. जुनी हस्तपत्रके, पदांच्या वह्या, पत्रे जपा. हयात शिष्यांना आजच विचारा. ही माणसे उद्याची वाट पाहत थांबत नाहीत. ज्ञानकोशाचे दार दूर असेल, पण या स्मरणिकेची पाने आपलीच आहेत. येथे खरे आणि नेमके लिहिले गेले, तर पुढील कोशकारास निदान विचारात घेण्याजोगे काही सापडेल.