मत दिलं, आता वही उघडा

(माजी विद्यार्थी मेळावा, सक्करदरा, रविवार २८ डिसेंबर २०२५ या दिवशी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला आहे, 'तरुण मतदार आणि नवे लोकप्रतिनिधी'. माझं वय चव्वेचाळीस, त्यामुळे तरुण मतदार म्हणून मला कोणी धरणार नाही. पण त्या मागे उभ्या असलेल्या मुलामुलींशी बोलायचं निमित्त मिळालं म्हणून मी हो म्हटलं. महापालिकेची आचारसंहिता लागली आहे. तेव्हा पक्षाचं नाव नाही, चिन्ह नाही, उमेदवार नाही. कोणाला मत द्या हे मी सांगणार नाही. मत दिल्यानंतर काय करायचं, याबद्दल बोलणार आहे.

माझी भाची चोवीस वर्षांची आहे. तिची एक मैत्रीण उमरेडची. आपल्या सक्करदरा चौकातून जो रस्ता निघतो, त्याच उमरेड रोडच्या दुसऱ्या टोकाची. या महिन्यात उमरेडला नगर परिषदेची निवडणूक झाली. सदस्यांसाठी वेगळी मतं आणि नगराध्यक्षासाठी वेगळं मत. गेल्याच रविवारी, २१ तारखेला, राज्यभरच्या नगर परिषदांचे निकाल लागले. या मैत्रिणीने आयुष्यात पहिल्यांदा नगराध्यक्षासाठी थेट बटण दाबलं होतं, आणि तिने ज्यांना मत दिलं ते पडले. दोघी आमच्या घरी बसल्या होत्या. ती म्हणाली, "आत्या, मी ज्यांना मत दिलंच नाही, ते आता पाच वर्षं माझे अध्यक्ष. त्यांच्यावर मी विश्वास कसा ठेवायचा? आणि ठेवायचा नसेल तर मत देऊन झालं काय?"

माझी भाची म्हणाली, "तुला निदान विचारलं तरी. मला तर अजून कोणी विचारलंच नाही."

दोघींचं म्हणणं खरं होतं. आधी भाचीचं बघू.

नागपूर महानगरपालिकेची मागची निवडणूक झाली २१ फेब्रुवारी २०१७ ला. ३८ प्रभाग, १५१ नगरसेवक. त्यांची मुदत ४ मार्च २०२२ ला संपली. मग ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या खटल्यांत निवडणुका अडकल्या, आणि महापालिका प्रशासकाच्या हाती गेली. शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या असं सांगितलं, पुढे मुदत वाढली, आणि आता १५ जानेवारी २०२६ ही तारीख आली आहे. म्हणजे जे मूल २०१७ च्या मार्चमध्ये अठरा वर्षांचं झालं, ते आता सव्वीस-सत्तावीस वर्षांचं आहे. त्याने खासदार निवडला, आमदार निवडला, पण आपल्या गल्लीतला नगरसेवक एकदाही निवडला नाही.

त्यामुळे काय बिघडलं, असं कोणी विचारेल. कचरागाडी येत होती, नळाला पाणी येत होतं. अधिकारी काम करतच होते. पण २२-२३ सप्टेंबर २०२३ ची रात्र आठवा. अंबाझरी ओसंडला, नाग नदी घराघरांत शिरली. सकाळी लोक चिखल उपसत होते, तेव्हा ज्याच्या दारात जाऊन हक्काने "चला, बघा आमच्याकडे" असं म्हणायचं, असा एकही निवडलेला माणूस या शहराच्या महापालिकेत नव्हता. अधिकाऱ्याला आपण अर्ज देतो. निवडलेल्या माणसाला जाब विचारतो. अर्ज आणि जाब यांत जो फरक आहे, तो मतामुळे पडतो.

आता उमरेडच्या मुलीचा प्रश्न. तो जास्त अवघड आहे.

आपल्याकडे अध्यक्ष निवडायच्या तऱ्हा अनेक. राष्ट्रपतिपदासाठी आपण मत देत नाही, आपले खासदार-आमदार देतात. महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५ धरलं जातं. २००७ साली प्रतिभाताई पाटील पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या तेव्हा अमरावतीपासून जळगावपर्यंत पेढे वाटले गेले, पण पेढे वाटणाऱ्यांपैकी जवळजवळ कोणीच त्यांना मत दिलेलं नव्हतं. आपला महापौरही आपण थेट निवडत नाही, तो नगरसेवकांतून अडीच वर्षांसाठी निवडला जातो. नगराध्यक्ष मात्र आज थेट लोकांतून येतो. 'आज' म्हणते, कारण हा नियम २०१६ मध्ये आला, २०२० मध्ये गेला आणि २०२२ मध्ये पुन्हा आला. थेट निवडीत एक अडचणही असते. अध्यक्ष एका बाजूचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्या बाजूचं, असं होऊ शकतं. मग भांडणं होतात, ठराव अडतात. म्हणून मी त्या मुलीला म्हटलं, तुझा विश्वास एकाच माणसाच्या खांद्यावर टाकू नकोस, त्याचे दोन भाग कर.

पहिला भाग मोजणीवरचा. निकाल खरा लागला का? इथे मी माझ्या धंद्यातलं बोलते. सॉफ्टवेअरच्या माणसाला सगळे विचारतात, "मशीनवर तुमचा विश्वास आहे का?" आमच्यात नुसत्या मशीनवर विश्वास कोणीच ठेवत नाही, मशीनभोवतीच्या तपासणीवर ठेवतो. लोकसभा-विधानसभेला मतदान सुरू होण्याआधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांचं अभिरूप मतदान होतं, बेरीज दाखवली जाते, ती पुसली जाते, मग सील लागतं. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद काचेआड दिसते. २०१९ पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजून आकडे जुळवतात. सगळ्याच चिठ्ठ्या मोजा ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ ला मान्य केली नाही.

आपल्या महापालिकेच्या मतदानात व्हीव्हीपॅट नसणार. मला विचाराल तर ते असायला हवं, आणि ही मागणी करत राहायला हवी. पण ते नाही म्हणून घरी बसणं मला पटत नाही. अभिरूप मतदान इथेही होतं, सील इथेही लागतं, आणि ते बघायला प्रतिनिधी बसतात. ज्याला शंका आहे त्याने पहाटे उठून प्रतिनिधी म्हणून केंद्रावर बसावं. घरात बसून घेतलेल्या शंकेपेक्षा केंद्रावर बसून केलेली तपासणी जास्त कामाची. आणि तपासणी नीट झाली असेल, तर आपला उमेदवार पडला तरी निकाल मान्य करायचा. हा विश्वास जिंकणाऱ्यासाठी नसतोच. ज्या शेजाऱ्याने दुसरं बटण दाबलं, त्याच्या मताची किंमत आपल्या मताइतकीच आहे, हे मान्य करणं म्हणजे तो विश्वास.

दुसरा भाग माणसावरचा. निवडून आलेल्यावर विश्वास ठेवायचा का?

मी बँकांसाठी सॉफ्टवेअर लिहिते. तिथे 'मेकर' आणि 'चेकर' अशी पद्धत आहे. एकाने व्यवहार भरायचा, दुसऱ्याने तपासून मंजूर करायचा. भरणारा माणूस वीस वर्षांचा विश्वासू असला तरी चेकर लागतोच. आजवर एकाही कर्मचाऱ्याला यात अपमान वाटलेला मी पाहिला नाही. उलट, उद्या पैसे कमी भरले तर चेकरची सही त्यालाच वाचवते.

ज्यांना बँकेचं उदाहरण कोरडं वाटतं त्यांच्यासाठी दुसरं सांगते. लहानपणी आपल्या सगळ्यांच्या घरी किराण्याची उधारीची वही होती. दुकानदार आपल्याला तेल-साखर उधार द्यायचा, म्हणजे विश्वास ठेवायचा. पण लिहून ठेवायचा. वहीत लिहिल्यामुळे कोणाचं नातं तुटलं नाही. ज्या घरी वही नव्हती, तिथेच महिन्याच्या शेवटी भांडणं व्हायची.

नव्या नगराध्यक्षाला, नव्या नगरसेवकाला असाच विश्वास द्या. उधारीवर, पण वहीत लिहून.

वहीत काय लिहायचं ते सांगते. पहिल्या पानावर उमेदवाराचं शपथपत्र. मालमत्ता किती, गुन्हे किती, शिक्षण काय, हे त्याला जाहीर करावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांनी मतदाराचा हा हक्क पक्का झाला. दुसऱ्या पानावर त्याने आपल्या प्रभागात दिलेली आश्वासनं, तारखेसह. प्रचारपत्रक फेकू नका, चिकटवून ठेवा. तिसऱ्या पानापासून कामं. कोणता रस्ता, किती रुपये, कोण कंत्राटदार, कधी पूर्ण. हे विचारायला २००५ चा माहिती अधिकार आहे. दाखले आणि सेवा वेळेत मिळाव्यात म्हणून राज्याचा २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. आणि एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. २००९ मध्ये आपल्या राज्याने महापालिकांच्या कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली. गावात ग्रामसभा, तशी शहरात क्षेत्रसभा. नगरसेवकाने आपल्या भागातल्या मतदारांना बोलवायचं आणि त्यांचं ऐकायचं. तुमच्यापैकी कोण कोण अशा सभेला गेलंय, हात वर करा. (एकही हात वर आला नाही.) तर मग मतं मागायला येणाऱ्या प्रत्येकाला या पंधरवड्यात एकच प्रश्न विचारा, "क्षेत्रसभा कधी घेणार?" हे उत्तर वहीतली पहिली नोंद होऊ द्या.

उमरेडच्या मुलीला मी हेच सांगितलं. तू ज्यांना मत दिलं नाहीस, त्यांच्याकडे वही घेऊन जायचा तुझा हक्क तेवढाच आहे. किंबहुना ज्यांनी मत दिलं, त्यांना कधीकधी विचारायची भीड वाटते. "आपलाच माणूस आहे, कसं विचारायचं?" तुला ती भीड नाही. आणि माणूस चांगलं काम करतो असं वहीत दिसलं, तर पुढच्या वेळी त्यालाच मत द्यायला लाजू नकोस.

ती म्हणाली, "आत्या, एवढं सगळं करायला वेळ कोणाला आहे?" प्रश्न रास्त आहे. एकट्याला नसतो. पण एका वर्गात आम्ही साठ जण होतो. त्यातले दहा जण आजही याच भागात राहतात. दहा जणांनी महिन्यातून एक तास दिला तर एका प्रभागाची वही सहज भरते. आपला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सकाळच्या शुभेच्छांनी भरतोच, महिन्यातून एकदा हेही येऊ द्या.

आता एक आकडा सांगते आणि थांबते. १९ एप्रिल २०२४ ला लोकसभेसाठी नागपूरने मतदान केलं. साधारण ५४ टक्के. त्याच दिवशी, त्याच उन्हात, गडचिरोली-चिमूरने मतदान केलं. सुमारे ७२ टक्के. तिथे जंगलातली केंद्रं, नक्षलवाद्यांची भीती, काही भागांत मतदान दुपारी तीनपर्यंतच. आपल्याकडे केंद्र चौकात, समोर चहाची टपरी. ज्यांना जायला सर्वांत कठीण ते गेले, आणि ज्यांना सर्वांत सोपं त्यांच्यातले जवळजवळ निम्मे घरी राहिले. नागपूरकर राजकारणावर कमी बोलतो असं नाही. पानठेल्यावर आपण अख्खा देश चालवतो. फक्त त्या दिवशी चौकापर्यंत जात नाही.

मागच्या रांगेतल्यांनो, १५ जानेवारीला गुरुवार आहे. १ जुलै २०२५ ला विधानसभेच्या मतदार यादीत ज्यांचं नाव होतं, त्यांना मतदान करता येईल. आज घरी गेल्यावर आधी यादीत नाव आणि केंद्र बघा. आपल्या प्रभागात चार जागा असतील तर चार मतं द्यायची आहेत, एक दाबून परत येऊ नका. एखाद्या जागेसाठी कोणीच पटत नसेल तर 'वरीलपैकी कोणी नाही' हे बटणही तिथे असतं. ज्यांचं नाव अजून नोंदलेलं नाही, त्यांनी नमुना ६ भरून टाकावा. आता नोंदणीसाठी वर्षातून चार तारखा धरल्या जातात, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरची एक तारीख, आणि सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्जही करता येतो. या वेळी नाही तर पुढच्या वेळी, पण नाव यादीत हवं.

आणि १६ तारखेला निकाल लागला, गुलाल उधळून झाला, की एक शंभर पानी वही विकत घ्या. जिंकणारा तुमचा असो की नसो, पहिल्या पानावर त्याचं नाव लिहा. बाकीची नव्याण्णव पानं त्याने काय केलं यासाठी आहेत.