वाऱ्याच्या वाटेवरचे गाव

श्रोतेहो, कोणत्याही गावाची स्वस्ताई आकाशातून पडत नाही. एखाद्या ठिकाणी घरभाडे कमी असते, जमीन शेजारच्या गावाहून पुष्कळ उतरत्या भावाने मिळते, तेव्हा त्यामागे काही तरी कारण असते. ते कारण जाणून न घेता तेथे बिऱ्हाड थाटणे म्हणजे केवळ जमेची बाजू पाहून खतावणी मिटविण्यासारखे आहे. आज आपल्यापुढे मी अशाच एका गावाची हकीकत मांडणार आहे. हे गाव कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात आहे आणि त्याचे नाव डेझर्ट हॉट स्प्रिंग्स. कोकणात ज्यांना उन्हाळे किंवा उन्हवरे म्हणतात, त्या ऊन पाण्याच्या झऱ्यांवरून हे नाव पडले. त्याच्या दक्षिणेस सुमारे १२ मैलांवर पाम स्प्रिंग्स हे जगद्विख्यात विलासनगर आहे. २०२०च्या शिरगणतीप्रमाणे पाम स्प्रिंग्सची वस्ती सुमारे ४४,५०० आणि डेझर्ट हॉट स्प्रिंग्सची सुमारे ३२,५०० होती. म्हणजे आकाराने ही दोन गावे काही फार वेगळी नव्हेत. परंतु एकाचे नाव ऐकताच लोकांना तारांगणातले नट, पोहण्याचे तलाव आणि गॉल्फची हिरवळ आठवते. दुसऱ्याचे नाव निघाले की, “तिकडे घरे स्वस्त आहेत” एवढेच वाक्य कानी येते. आपल्यापैकी कित्येकांची मुले-नातवंडे आज कॅलिफोर्नियात संसार करीत आहेत आणि तेथील घरांच्या किमती ऐकून आपण इकडे अचंबा करतो. म्हणून या स्वस्ताईचे मूळ शोधणे अप्रस्तुत ठरणार नाही.

प्रथम भूगोल पाहू. लॉस एंजेलिस शहराच्या पूर्वेस सुमारे १०० मैलांवर कोचेला नावाचे खोरे आहे. त्याच्या पश्चिमेस सान हासिंतो हा सुमारे १०,८०० फूट उंचीचा पर्वत उभा आहे. समुद्रावरून येणारे ढग या पर्वतापलीकडेच रिते होतात आणि खोऱ्यात वर्षाकाठी पाचेक इंच पाऊस पडला तर पडतो. पर्वताच्या उत्तरेस सान गोर्गोनियो नावाची खिंड आहे. उन्हाळ्यात वाळवंटातली हवा तापून वर चढते, तिची जागा घेण्यासाठी समुद्राकडची गार हवा या चिंचोळ्या खिंडीतून वेगाने आत घुसते. हा वारा इतका भरवशाचा आहे की १९८० नंतरच्या दशकात तेथे वीज निर्माण करणाऱ्या पवनचक्क्यांचे रानच उभे राहिले. आता गंमत अशी की, पाम स्प्रिंग्सचा मध्यभाग पर्वताच्या अगदी कुशीत वसलेला आहे. त्यामुळे वाऱ्याचा मारा त्याला चुकतो आणि दुपार कलताच डोंगराची सावली अंगणात उतरते. डेझर्ट हॉट स्प्रिंग्स खोऱ्याच्या दुसऱ्या काठावर, वाऱ्याच्या वाटेवर उघडे बसले आहे. एकाच्या पाठीशी डोंगर, दुसऱ्याच्या तोंडावर वारा. किमतीतल्या तफावतीचे पहिले कारण हे आहे आणि ते कोणत्याही माणसाने केलेले नाही.

दुसरी गोष्ट भूगर्भातली. सान आंद्रेआस या प्रसिद्ध प्रस्तरभंगाची एक शाखा या गावाच्या खालूनच जाते. १९१३ साली कॅबॉट यर्क्सा नावाचा एक धडपड्या गृहस्थ सरकारी नियमाप्रमाणे १६० एकर ओसाड जमीन घेऊन येथे राहू लागला. आरंभी पिण्याचे पाणी त्याला कित्येक मैल पायी चालून रेल्वेच्या ठाण्यावरून आणावे लागे. अखेर त्याने कुदळीने विहीर खणली, तर तिला ऊन पाणी लागले. थोड्या अंतरावर दुसरी खणली, तर तिला थंड! दोन विहिरींच्या मधून भूमीचा तो भंग गेला होता. याच यर्क्साने १९४१पासून पुढे, टाकाऊ लाकूड, जुने खांब आणि मोडीत निघालेल्या खिडक्या जमवून ३५ खोल्यांचे एक घर स्वतःच्या हातांनी बांधले. त्याला १५० खिडक्या आणि ६५ दरवाजे आहेत. १९६५ साली तो वारला. ते घर आज संग्रहालय म्हणून पाहावयास मिळते. कमी खर्चात वाळवंटात कसे राहावे, या विषयावरचा हा पहिला आणि बहुधा सर्वांत प्रामाणिक धडा होय. स्वस्त घर हवे असेल तर पैशाऐवजी अंगमेहनत मोजावी लागते, हेच ते घर सांगते.

परंतु सगळाच दोष वाऱ्याच्या आणि भूगर्भाच्या माथी मारून चालणार नाही. महाग गाव महाग कसे झाले, हेही पाहिले पाहिजे. पाम स्प्रिंग्सची भूमी मूळची काहुइया या आदिवासी लोकांची. तेथील उन्हाळ्यावरूनच त्यांच्या एका शाखेला स्पॅनिश भाषेत आग्वा कॅलिएन्ते, म्हणजे ‘ऊन पाणी’, हे नाव मिळाले. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन सरकारने या जमिनीचे एकेक चौरस मैलाचे तुकडे पाडले, आणि बुद्धिबळाच्या पटासारखा एक चौकोन रेल्वे कंपनीला, तर शेजारचा आदिवासींना, अशी वाटणी केली. रेल्वेचे चौकोन विकले गेले आणि त्यांवर हॉटेले उठली. १९३८ साली पाम स्प्रिंग्स रीतसर शहर झाले. शहराच्या ऐन मध्यभागी असलेला १४ क्रमांकाचा चौकोन मात्र आदिवासींचा राहिला. कायद्याने तो फार थोड्या मुदतीच्याच भाडेपट्ट्याने देता येत असे, त्यामुळे तेथे मोठी इमारत कोणी बांधीना. मग तेथे कोण राहू लागले? हॉटेलांतल्या मोलकरणी, आचारी, माळी, गवंडी. बहुतेक कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन कुटुंबे. गावात इतरत्र त्यांना कोणी थारा देत नसे, म्हणून त्यांनी येथे आपल्या हातांनी घरे उभी केली.

१९५९ साली कायदा बदलला आणि या जमिनी ९९ वर्षांच्या पट्ट्याने देणे शक्य झाले. त्याबरोबर त्या चौकोनाला सोन्याचे मोल आले. १९५० नंतरच्या दशकाच्या मध्यापासून १९६०च्या दशकापर्यंत तेथील रहिवाशांना हुसकून लावण्यात आले, घरे पाडली गेली, आणि शहराच्या अग्निशामक दलाच्या हातून ती जाळलीही गेली. १९६८ साली कॅलिफोर्निया राज्याच्या न्याय खात्याने आपल्या अहवालात शहराच्या या वर्तनावर कडक ताशेरे ओढले. नगर परिषदेने क्षमा मागितली ती २०२१ साली. आणि ५९ लाख डॉलरची नुकसानभरपाई मंजूर झाली ती २०२४च्या नोव्हेंबरात. तोवर त्या घरांत वाढलेली मुले वार्धक्याला पोहोचली होती. विलासनगराला हात हवे होते, त्या हातांची घरे तेवढी डोळ्यांसमोर नको होती. जेथे जेथे हवा खाण्याचे ठिकाण भरभराटते, तेथे तेथे हा प्रश्न उभा राहतो: चादरी बदलणारी बाई रात्री निजावयाला कोठे जाणार?

या प्रश्नाचे उत्तर शेजारच्या स्वस्त गावाने तरी नीट दिले काय? तसेही म्हणता येत नाही. डेझर्ट हॉट स्प्रिंग्सची आखणी १९४१च्या सुमारास झाली. ऊन पाण्याचे हौद बांधून आरोग्यार्थी प्रवाशांना बोलवावे, असा तो बेत होता. १९६३ साली त्याला शहराचा दर्जा मिळाला. पुढे अल्प उत्पन्नाच्या लोकांसाठी येथे घरांची एक योजना आली असता नगरपालिकेने तिला वाट दिली नाही. योजनाकर्ते न्यायालयात गेले. घरांच्या बाबतीत पक्षपात केल्याबद्दल पंचांनी शहराला सुमारे ३० लाख डॉलरचा भुर्दंड ठोठावला. व्याज आणि वकिलांचा खर्च मिळून ही रक्कम एवढी फुगली की २००१ साली शहराने दिवाळखोरीचा अर्ज केला. पहा, स्वस्त घरांमुळे ओळखले जाणारे गाव स्वस्त घरांना विरोध करण्याच्या पायी बुडाले! २०१३ साली पुन्हा आर्थिक आणीबाणी जाहीर करण्याची पाळी आली. दुसऱ्या वर्षी त्याने भांगेच्या मोठ्या लागवडीला परवानगी देऊन तिच्यावर कर बसविला. दक्षिण कॅलिफोर्नियात असे करणारे हे पहिले शहर. हे योग्य की अयोग्य, यावर मतभेद असू शकतील. पण ज्या गावाजवळ हॉटेलांच्या कराचे मोठे उत्पन्न नाही आणि श्रीमंतांचे वाडे नाहीत, त्याला रस्त्यांसाठी आणि पोलिसांसाठी पैसा कोठून तरी उभा करावाच लागतो, एवढे निर्विवाद आहे.

आता तेथे राहावयाचे म्हणणाऱ्याने आपली वही कशी लिहावी, ते पाहू. जमेच्या बाजूस कमी भाडे किंवा कमी किमतीचे घर आहेच. शिवाय गाव समुद्रसपाटीपासून सुमारे हजार फूट उंच असल्याने खोऱ्याच्या तळापेक्षा किंचित थंड. हिवाळा अतिशय आल्हाददायक. पिण्याचे पाणी इतके गोड की, पाण्याच्या चवीच्या स्पर्धांत त्याने पारितोषिके मिळविली आहेत. संध्याकाळी समोर सान हासिंतोचा पूर्ण देखावा दिसतो; खुद्द पाम स्प्रिंग्स त्या पर्वताच्या पायथ्याशी असल्याने तेथून तो असा दिसत नाही.

नावेची बाजू मात्र अधिक सावकाशीने लिहावी. तिच्यात पहिला आकडा उन्हाचा. पाम स्प्रिंग्समध्ये ५ जुलै २०२४ रोजी पारा १२४ अंश फॅरेनहाइट, म्हणजे ५१ अंश सेल्सिअसवर गेला. हा तेथील उच्चांक होय. खोऱ्यात जुलैतील नेहमीची दुपारसुद्धा ४२ अंशांच्या आसपास असते. वाळ्याचे पडदे आणि पाण्याचे कूलर यांच्याशी इंदूर-ग्वाल्हेरच्या श्रोत्यांचा जुना परिचय आहे. कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो आणि वीजही थोडी खातो. परंतु त्या वाळवंटातही जुलै-ऑगस्टात दक्षिणेकडून दमट हवा येते आणि तेव्हा कूलर निरुपयोगी ठरतो. मग वातानुकूलन यंत्र रात्रंदिवस चालवावे लागते. भाड्यात वाचलेला डॉलर विजेच्या बिलात कसा विरघळतो, हे उन्हाळ्यातच समजते. त्यातही दुःखाची गोष्ट ही की, उन्हाळ्यात प्रवासी येत नाहीत, म्हणून हॉटेलांतल्या नोकरांचे कामाचे तास कमी होतात. म्हणजे बिल वाढण्याचा आणि मिळकत घटण्याचा महिना एकच!

दुसरा आकडा भूमीचा. १९४८च्या डिसेंबरात आणि १९८६च्या जुलैत या परिसराला भूकंपाचे सुमारे ६ प्रतीचे धक्के बसले आहेत. जो भंग ऊन पाणी देतो, तोच हे धक्केही देतो. कॅलिफोर्नियात घराच्या सामान्य विम्यात भूकंपाचे नुकसान मोडत नाही, त्यासाठी वेगळा विमा उतरावा लागतो. तिसरा आकडा सांडपाण्याचा. स्वस्त वस्त्यांतील पुष्कळ घरे भूमिगत गटारांना जोडलेली नव्हती. त्यांचे मलकुंड अंगणातच असे. त्याचे पाणी झिरपून त्या प्रसिद्ध झऱ्यांनाच अपाय होईल, या भीतीने तेथील पाणीपुरवठा मंडळाने टप्प्याटप्प्याने गटारे घालण्याचे काम हाती घेतले आणि त्या खर्चाचा एक वाटा घरमालकांवरही आला. तेव्हा घर घेताना, “गटार कोठे जाते?” हा प्रश्न विचारण्यास लाजू नये. पाम स्प्रिंग्समध्ये तेवढ्याच किमतीचे घर दिसले तर, “जमीन मालकीची की आदिवासींच्या पट्ट्यावरची, आणि पट्टा किती वर्षे उरला?” हे विचारावे.

सर्वांत मोठा आकडा रस्त्याचा. दोन्ही गावांच्या मधून व्हाइटवॉटर नदीचे कोरडे पात्र जाते. पाम स्प्रिंग्सकडे जाणारे मुख्य रस्ते हे पात्र ओलांडतात. जोराचा वारा सुटला की त्यांवर वाळू चढते, पाऊस झाला की त्यांवरून लोंढा वाहतो, आणि दोन्ही प्रसंगी ते बंद करावे लागतात. २०२३च्या ऑगस्टात हिलरी नावाचे वादळ आले, तेव्हा केवळ हे रस्तेच नव्हेत, तर खोऱ्यातला राष्ट्रीय महामार्गही बंद पडला. नोकरी नदीपलीकडे, मोठे रुग्णालयही नदीपलीकडे. ज्याच्याजवळ मोटार आहे तो वळसा घालून जाईल. ज्याचे सारे बसवर अवलंबून आहे त्याचा रोज बुडतो. आजारी माणसाचे काय होईल, ते सांगावयास नको.

श्रोतेहो, एवढे सांगितले ते त्या गावाची निंदा करण्यासाठी नव्हे. तीस-बत्तीस हजार माणसे तेथे संसार करतात, मुलांना शाळेत पाठवितात, दारात निवडुंगाची बाग फुलवितात आणि बारा मैलांवरच्या विलासनगराचा गाडा ओढतात. त्यांना तो वारा परवडतो, कारण दुसरे काही परवडत नाही. पण स्वस्त गाव हे महाग गावाचेच उरलेले अर्धे अंग आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. एकाने जी माणसे घेतली पण ठेवून घेतली नाहीत, ती दुसऱ्याने सांभाळली. तेव्हा त्या नदीपात्रावर न बुडणारा पूल बांधणे, उन्हाळ्यातल्या विजेचा भार हलका करणे आणि हॉटेलांच्या उत्पन्नातून कामगारांच्या घरांसाठी काही हिस्सा काढणे, हा उपकार नव्हे. ते जुने देणे आहे. आणि जो कोणी नव्याने तेथे घर पाहावयास जाईल, त्याने एक मात्र करावे. घर पाहावयाचे ते जानेवारीच्या प्रसन्न सकाळी नव्हे, तर जुलैच्या दुपारी, वारा सुटलेला असताना पाहावे. त्या दुपारीही ते घर आपलेसे वाटले, तर ते खुशाल घ्यावे.