कार्डाचं कर्ज आणि सौ.ची वही
(सोसायटीच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)

मंडळी, छत्तीस वर्षं बँकेत लोकांची कर्जं तपासली आणि निवृत्तीनंतर स्वतःच क्रेडिट कार्डात अडकलो. घरदुरुस्तीचे ६०,००० रुपये. दरमहा ‘किमान रक्कम’ म्हणून ३,००० भरायचो. वाटायचं, फिटतंय. एकदा स्टेटमेंट नीट वाचलं. व्याज महिना साडेतीन टक्के, म्हणजे २,१००. त्यावर १८ टक्के जीएसटी, ३७८. मुद्दलात गेले अवघे ५२२! शिवाय मागची बाकी राहिली की नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. औषधं, किराणा, सगळ्यावर पहिल्या दिवसापासून व्याज. आणि हे मी इतरांना समजावून सांगत आलो होतो, बरं का!

शेवटी सौ.ला सांगितलं. ते सगळ्यात अवघड गेलं. ती रागावली नाही, वही घेऊन बसली. कार्ड कपाटात. पेन्शन जमा झाली की त्याच दिवशी आठ हजार कार्डाला, उरेल त्यात घर. रिक्षा बंद, दिवाळीचे कपडे नाहीत, नातवाला वाढदिवसाला पाकीट लहान. (ते मात्र लागलं मनाला.) दहाव्या महिन्यात बाकी शून्य.

कुणाला असा हिशोब मांडून हवा असेल तर स्टेटमेंट घेऊन संध्याकाळी घरी या. दार लावून बसू.