घरातला जिना आणि त्याचे लाकूड



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. तेव्हापासून अशा व्यासपीठांवर वेदान्तापासून विज्ञानापर्यंत थोर थोर विषय येऊन गेले. त्या परंपरेत मी आज घरातला जिना घेऊन उभा राहिलो आहे, याचे काहींना हसू येईल. पण ज्या वस्तूवर घरातले म्हातारे माणूस रात्री अंधारात पाय टाकते आणि रांगते मूल जिच्या तोंडाशी येऊन खाली डोकावते, ती वस्तू क्षुल्लक कशी म्हणावी? कपाटाचे लाकूड चुकले तर दार अडकते. जिन्याचे चुकले तर माणूस पडतो.

कोनसारख्या गावात हा प्रश्न आज घरोघरी आहे. कुटुंब वाढते, जागा वाढत नाही. मग बैठ्या घरावर माडी चढते आणि आतून लाकडी जिना करायचा ठरतो. गृहस्थ वखारीत जातो आणि म्हणतो, ‘साग दाखवा.’ वखारवाला विचारतो, ‘कोणता?’ येथे गृहस्थाचे ज्ञान संपते आणि पुढचे सारे वखारवाल्याच्या मर्जीवर चालते. म्हणून माझे सांगणे आरंभीच सांगून टाकतो. लाकूड नावावरून घेऊ नका. त्याला कोणते काम करायचे आहे यावरून घ्या, आणि ते वाळले आहे की नाही हे सर्वांआधी पाहा.

या मुलखाला लाकडाची पारख नवी नाही. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि दोन-एक वर्षांत या खाडीत लढाऊ गलबते बांधली जाऊ लागली. पुढे १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात आरमाराच्या लाकडाविषयी जे लिहून ठेवले, ते आजही वाचण्यासारखे आहे. साग, शिसव यांसारखी झाडे परवानगीने तोडावीत. आंबा-फणसांना मात्र हात लावू नये, कारण रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड फारच जुने झाले तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे, असा त्याचा आशय आहे. लढाईच्या धामधुमीतही कोणत्या कामाला कोणते लाकूड, हा विवेक सुटला नव्हता.

आता सागाकडे वळू. सागाचा मान खोटा नाही. तो आकसतो कमी, वाकतो कमी, आणि त्याच्या अंगच्या द्रव्यांमुळे वाळवी त्याला सहसा लागत नाही. पण हे गुण झाडाच्या गाभ्याचे आहेत. सालीलगतचे पांढरट लाकूड सागाचे असले तरी कीड त्याला सोडत नाही. जुन्या लोकांच्या तोंडी असलेला बर्मा साग आता पूर्वीसारखा येत नाही. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून अखंड ओंडके परदेशी पाठवणे बंद केले. आपल्याकडचा चंद्रपूर-बल्लारपूरचा साग उत्तम, पण महाग. बाजारात घाना, इक्वेडोर अशा देशांतल्या लागवडीचा सागही येतो. त्यात लवकर तोडलेल्या कोवळ्या झाडांचा माल पुष्कळ असतो आणि अशा मालात पांढरा भाग अधिक निघतो. सारांश, ‘साग’ हा शब्द पावतीवर लिहिला म्हणजे काम झाले असे नाही. फळीच्या कडा आणि टोके पाहा. पांढरा पट्टा किती आहे ते मोजा.

आता जिन्याचे भाग वेगळे करून पाहू. माडीची उंची ९ फूट धरा. सव्वासात इंचांहून किंचित कमी अशा १५ चढण्या होतात आणि १४ पायऱ्या लागतात. राष्ट्रीय बांधकाम संहितेने घरगुती जिन्याची चढण १९० मिलिमीटरहून अधिक आणि पायरी २५० मिलिमीटरहून कमी नसावी असे सांगितले आहे. त्यात हे बसते. जिना ३ फूट रुंद, पायरीची फळी ११ इंच रुंद आणि दीड इंच जाड घेतली, तर १४ फळ्यांना पावणेपाच घनफुटांच्या जवळपास लाकूड लागते. दोन्ही बाजूंच्या तिरप्या फळ्या साडेपंधरा फूट लांब, ११ इंच रुंद, २ इंच जाड धरल्या, तर त्यांनाही तितकेच. पायऱ्यांमधल्या उभ्या फळ्यांना दोन घनफुटांहून थोडे अधिक. म्हणजे कठडा सोडून सुमारे १२ घनफूट.

या तिघांची कामे तीन आहेत. बाजूच्या फळ्या सारा भार वाहतात. त्या सरळ, लांब आणि बिनगाठीच्या हव्यात. पैसा ओतायचा तो येथे, आणि साग घ्यायचा तो येथे. पायरीची फळी झिजते. तिला कठीणपणा हवा. ती केवळ ३ फुटांची असल्यामुळे लांब सोट लागत नाही. सागाहून कठीण अशी बाभूळ, जिची बैलगाडीची चाके होत, किंवा आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या रानांचा ऐन येथे शोभतो. मात्र दोन्ही लाकडे वाळताना फुटतात आणि पीळ खातात. नीट वाळलेली मिळाली तरच घ्या. उभी फळी फारसा भार घेत नाही. ती बऱ्या प्रतीच्या प्लायवुडची केली तरी बिघडत नाही. केरळातून येणारे रबराचे लाकूड दिसायला गोड आहे, पण त्याला भिरूड फार लागते. बोरॉनच्या औषधात मुरवलेले असेल तरच ते घरात आणावे. आणि प्लायवुडच्या पायऱ्या करणार असाल, तर तिच्या पुढच्या कडेला कठीण लाकडाची पट्टी लावा, नाहीतर रोजच्या पावलांनी थर सुटू लागतात.

येथपर्यंत जातीचा विचार झाला. पण उत्तम जातीचे ओले लाकूड हे मध्यम जातीच्या वाळलेल्या लाकडापेक्षा वाईट. खाडीकाठच्या हवेत लाकूड पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. त्यात ते मुळातच ओले असले तर विचारूच नका. शेकडा २५ ओलावा असलेली ११ इंची सागाची फळी शेकडा १२ वर आली, की रुंदीत पाव इंचापर्यंत आकसते. खाच सैल होते, खिळा ढिला पडतो, आणि दिवाळीत केलेला जिना वैशाखात कुरकुरू लागतो. ते कुरकुरणे म्हणजे सुटलेल्या फळ्या एकमेकींवर घासल्याचा आवाज आहे. जिन्याने केलेली तक्रारच म्हणा ना!

ओलावा तपासायला प्रयोगशाळा नको. फळीच्या टोकापासून हातभर आत एक पातळ तुकडा कापून घ्या आणि सोन्याच्या काट्यावर तोला. मग तो मंद आचेवर, जळू न देता, वजन उतरणे थांबेपर्यंत वाळवा आणि पुन्हा तोला. घटलेले वजन भागिले वाळलेले वजन, गुणिले शंभर. हा शेकडा ओलावा. तो १२ ते १५ च्या दरम्यान असावा. एवढेही जमत नसेल तर फळ्या विकत घेऊन, मधे पट्ट्या घालून, सावलीत वारा लागेल अशा रचून ठेवा. इंचभर जाडीला एक वर्ष, असा ठोकताळा आहे.

इतका धीर नसेल तर जुन्या वाड्यांचे लाकूड पाहा. कल्याण-भिवंडीकडे जुनी घरे उतरतात तेव्हा तुळया आणि फळ्या विकायला निघतात. हे लाकूड कित्येक पावसाळे पाहून स्थिर झालेले असते. मोगरीने ठोकून पाहा. खणखणीत आवाज आला तर आत ते भरीव आहे, बद आला तर वाळवीने पोखरले असेल. करवतीखाली देण्याआधी जुने खिळे मात्र काढून घ्या. आणि स्वतःच्या परसातले झाड तोडायचे मनात असेल तर थांबा. १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याप्रमाणे साग, ऐन, आंबा, फणस अशी झाडे आपल्या जमिनीत असली तरी परवानगीवाचून तोडता येत नाहीत.

सुताराला दोन गोष्टी आवर्जून सांगा. बाजूची फळी करवतीच्या दात्यांसारखी कापली, तर ११ इंचांतले जवळजवळ ६ इंच जातात आणि भार उरलेल्या ५ इंचांवर येतो. त्याऐवजी फळीत अर्धा इंच खोल खाचा घेऊन त्यांत पायऱ्या बसवाव्यात. आणि पायरीच्या लाकडाच्या रेषा आडव्या, म्हणजे एका बाजूच्या फळीकडून दुसरीकडे गेलेल्या असाव्यात. उलट्या असतील तर फळी पावलाखाली चिरते. वाळवी जमिनीतून चढते, म्हणून पहिली पायरी दगडाची करावी ही जुन्या घरांची रीत सोडू नका. चकाकणाऱ्या पॉलिशचा मोहही पायऱ्यांवर नको. ओल्या पावलांना ते बर्फासारखे होते.

बंधुभगिनींनो, पाहुणा घरी आला की आपण त्याला दिवाणखान्याचे पडदे दाखवतो; जिना कोणी दाखवत नाही. पण घरात आग लागली, कोणी आजारी पडले, रात्रीबेरात्री हाक आली, तर पडदे कामाला येत नाहीत. साऱ्यांचा पाय त्याच फळ्यांवर पडतो. पैसा थोडा असेल तर कठड्याची नक्षी कमी करा, कामाची घाई असेल तर चार महिने शिडीवर काढा. पण ओल्या आणि अनोळखी लाकडावर घरच्या माणसांचा भार टाकू नका.