चैत्रातले पाणी आणि गळाचा मासा



वसंत व्याख्यानमालेत संतसाहित्य, इतिहास आणि अर्थसंकल्प ऐकायची तुम्हाला सवय आहे. यंदा संयोजकांनी गळ टाकणाऱ्या माणसाला उभे केले आहे. कालवणाची कृती मिळेल या आशेने कोणी आले असेल तर त्यांची आधीच माफी मागतो. हौसेने मासे धरणाऱ्याने चैत्र-वैशाखात आपल्या नद्या आणि धरणे कशी ओळखावीत, एवढेच मला सांगायचे आहे.

गळाच्या मासेमारीवरची बहुतेक पुस्तके थंड देशांतली. तिकडे वसंतात बर्फ वितळते, नद्या भरतात, पाणी कोमट होते आणि हिवाळाभर सुस्तावलेला मासा भुकेने बाहेर पडतो. दख्खनच्या नद्यांना बर्फ ठाऊक नाही. आपल्याकडे फाल्गुनापासून पाणी उतरतच जाते. धार बारीक होते, मग तुटते, आणि मागे उरते ती सुट्या डोहांची रांग. पावसाळ्यात मैलोन्‌मैल पसरलेले मासे त्या डोहांत दाटतात. नवशिक्याला वाटते, हाच हंगाम! मासा तर डोळ्यांना दिसतोय. पण नितळ पाण्यात त्यालाही तुम्ही दिसता. काठावरून सावली सरकली की खडशी तळ गाठते आणि मग दुपारपर्यंत वर येत नाही.

खडशी म्हणजे आपला दख्खनी महाशीर. कर्नल साइक्स नावाचा इंग्रज अधिकारी मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करत हिंडला. त्याने १८३९ च्या सुमारास या माशाचे पहिले शास्त्रीय वर्णन छापले, तेव्हा नमुन्याची जागा दिली होती पुण्याच्या पूर्वेला आठ मैलांवरची मुळा-मुठा. आज त्या पात्रात गळ टाकायला मी कोणाला सांगणार नाही. खडशी शोधायची तर सह्याद्रीच्या कुशीतली धरणे आणि घाटमाथ्याजवळचे डोह गाठावे लागतात.

आता उन्हाळ्याच्या पाण्याचे मुख्य गणित. गार पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो, गरम पाण्यात कमी. २० अंश सेल्सिअसला एका लिटरमध्ये साधारण ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. उलट पाणी तापले की माशाची प्राणवायूची गरज वाढते. म्हणून दुपारी उथळ पाण्यात मोठा मासा सहसा नसतो, आणि असला तरी खात नाही. तो सावलीच्या कपारीत नाही तर जिथे धार अजून खळखळते तिथे सापडतो. खोल धरणात आणखी एक प्रकार होतो. वरचे पाणी तापून हलके होते आणि खालच्या गार पाण्यावर थर धरून बसते. तळाचे पाणी गार असले तरी तिथला प्राणवायू संपत आलेला असतो. मग मासा मधल्या थरात राहतो. तळाशी आमिष सोडून तासन्‌तास बसणाऱ्याची निराशा होते ती यामुळे.

सगळे सांगतात, पहाटे जा. डोंगरातल्या स्वच्छ पाण्यावर ते खरे आहे. पण जिथे शेवाळ आणि जलपर्णी माजली आहे, उदाहरणार्थ उजनीच्या फुगवट्यात, तिथे रात्रभर वनस्पतीही श्वास घेतात आणि पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो. तिथे ऊन चढून दोन घटका होऊ द्याव्यात.

पंचांगापेक्षाही महत्त्वाचे आहे ते पाटबंधारे खात्याचे वेळापत्रक. वैशाखात नदीला पाणी आहे की नाही हे आता ऋतू ठरवत नाही, आवर्तन ठरवते. धरणातून नदीत पाणी सोडले की कोरडे पात्र काही दिवस वाहते, डोहांतले मासे बाहेर पडतात आणि धारेला तोंड करून खाऊ लागतात. गळाला याहून चांगले दिवस उन्हाळ्यात नाहीत. दरवाजे बंद झाले की त्यांतले कितीतरी मासे खडकांतल्या थाळ्यांत अडकतात आणि बगळ्यांची चंगळ होते. पंचगंगेवर कोल्हापुरी बंधाऱ्यांचे बरगे कधी घातले आणि कधी काढले, हे माहीत असलेला मासेमार कुठल्याही महागड्या रिळापेक्षा पुढे असतो.

घाटाखाली तर नवलच आहे. कोकणातल्या नद्या वैशाखात गोटे दाखवतात, पण कुंडलिका वाहते, कारण मुळशीचे पाणी वीज करून भिऱ्याला उतरते. चिपळूणची वाशिष्ठी वाहते ती कोयनेच्या पाण्यावर. मुंबईला विजेची गरज किती, यावर कुंडलिकेची पातळी दिवसभरात चढते-उतरते. पाणी चढू लागले की काठ सोडावा, हे तिथल्या पोरांनाही कळते. शहरातून आलेल्या हौशी माणसाला सांगावे लागते.

जाणत्याला उन्हाळ्यात डोहातली मोठी खडशी धरणे सोपे असते, आणि नेमके तेव्हाच ते करू नये असे माझे मत आहे. पावसाळ्यात वर चढून अंडी घालणाऱ्या माद्या याच डोहांत दिवस काढत असतात. तापलेल्या पाण्यात अर्धा तास झुंजवून, मग कातळावर ठेवून फोटो काढून सोडलेला मासा पोहत गेलेला दिसतो, पण तो जगेलच असे नाही. आपल्या जुन्या लोकांनी देवाच्या नावाने डोह राखले. वाड्याजवळ वैतरणेवरचे टिळसे, महाडकडचे वाळण कोंढ. तिथे माशाला मुरमुरे मिळतात, गळ मिळत नाही. दुसरीकडे आटलेल्या डोहात गेळ्याची फळे कुटून टाकणारे, सुरुंग लावणारेही आहेत. १८९७ च्या कायद्याने विष आणि स्फोटके दोन्हींना बंदी केली. बंदीला सव्वाशे वर्षे उलटली तरी डोह मरतातच.

लोणावळ्याला टाटांच्या वीज कंपनीने वळवणच्या तलावाकाठी १९७० च्या दशकापासून महाशीरची पैदास केली, लाखो पिल्ले देशभर गेली. हे मोठे काम आहे आणि आपण त्याचा अभिमान बाळगतो. पण कावेरीत सोडलेल्या आपल्या निळ्या परांच्या खडशीने तिथल्या कुबड्या महाशीरची जागा बळकावली. तो मासा आज नष्ट होण्याच्या काठावर आहे. १९४६ च्या मार्चमध्ये म्हैसूरकडे गळाला लागलेला १२० पौंडांचा विक्रमी मासा त्याच जातीचा मानतात. तेव्हा चांगल्या हेतूने का होईना, एका खोऱ्यातला मासा दुसऱ्यात सोडायच्या आधी दहादा विचार करावा.

मग उन्हाळ्यात हौस भागवायची कशी? चिलापी धरा. १९५२ मध्ये भारतात आलेला हा आफ्रिकी मासा आता प्रत्येक धरणात आहे. पाणी मागे सरले की गाळात ताटाएवढे गोल खड्डे दिसतात, ती नराची घरटी. खड्ड्याशी तो पहारा करतो आणि गांडुळाला झडप घालतो. साधी काठी, बारीक गळ, हलकी दोरी पुरते, पोरांना शिकवायला याहून सोपा मासा नाही, आणि कितीही नेलेत तरी नदीचे नुकसान होत नाही. धरणाचा ठेका मच्छीमार सोसायटीकडे असतो, तेवढी परवानगी मात्र आधी घ्या. खडशी लागलीच, तर गळाचा उलटा काटा आधीच चपटा करून घेतलेला असावा. पाण्यातच सोडवावी, हात ओला करून.

वळवाचा पहिला पाऊस पडला की पाणी गढूळ होते, वास पसरतो, मासा वेड्यासारखा खातो. अनेक जण वर्षभर या चार दिवसांची वाट पाहतात. मीही जातो. पण मृगाचे पाणी नदीला लागले आणि मासे चढू लागले, की माझी काठी माळ्यावर जाते. ती उतरते थेट भाद्रपदाच्या शेवटी, पाणी निवळल्यावर.