नकाशाबाहेरचे शहर
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



शहर पाहण्याच्या दोन रीती आहेत. एक, वाटाड्याच्या मागे जाण्याची. दुसरी, स्वतःच्या पायांनी आणि स्वतःचे प्रश्न बरोबर घेऊन हिंडण्याची. मुंबईच्या जुन्या भागांतून अशी पायी भटकंती करण्याची आवड सुशिक्षित तरुणांत वाढत आहे, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु वाटाड्या नाकारला तरी हातातील नकाशा कोणीतरी काढलेलाच असतो. तो बहुधा फोर्टात सुरू होतो आणि फोर्टातच संपतो. त्या नकाशाबाहेर पाऊल टाकणे, हा आजचा विषय आहे.

प्रारंभ फोर्टातूनच करावा. १८६० नंतरच्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअरच्या कारकिर्दीत किल्ल्याचे तट पाडले गेले आणि नव्या इमारतींना जागा मिळाली. त्याच सुमारास, १८६१ ते १८६५ या काळात, अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तिकडचा कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला, इकडच्या कापसाचे भाव भडकले आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या पेढ्यांत पैशाचा पूर आला. १८७८ साली पुरा झालेला राजाबाई मनोरा ही प्रेमचंद रायचंद यांची देणगी. त्यांची संपत्ती याच कापसाच्या व्यापारातली. मनोऱ्याचा आराखडा गिल्बर्ट स्कॉटचा, आणि या स्कॉटने मुंबईत कधी पाऊलही ठेवले नव्हते. दात्याचे नाव राहिले, न आलेल्या शिल्पज्ञाचेही राहिले. ज्यांनी दगड घडवला आणि डोक्यावरून वर चढवला, त्या पाथरवटांची व बिगाऱ्यांची नावे मात्र कोणी विचारत नाही. ज्या शेतकऱ्याच्या कापसावर हे सारे उभे राहिले, त्याची तर आठवणही तेथे नाही.

या वास्तू जपल्या पाहिजेत, याविषयी दुमत असू नये. १९९५ मध्ये मुंबईसाठी वारसा-जतनाची नियमावली झाली. २००४ मध्ये बोरीबंदरच्या स्थानकाला, तर २०१८ मध्ये ओव्हल मैदानाच्या दोन्ही अंगांच्या इमारतींना जागतिक वारशाचा मान मिळाला. प्रश्न एवढाच की, वारसा म्हणजे केवळ कमानी आणि कळस काय? हुतात्मा चौकातील स्मारकावर मशाल धरून उभे असलेले शेतकरी आणि कामगार या प्रश्नाचे उत्तर देतात. संयुक्त महाराष्ट्रासाठी ज्यांनी प्राण दिले, त्यांच्यासाठी ते स्मारक आहे.

तेथून बोरीबंदरला यावे, लोकल धरावी आणि करी रोडला उतरावे. येथे गिरणगाव सुरू होते. १८५४ साली काउसजी दावर यांनी ताडदेवला पहिल्या कापड गिरणीचा पाया घातला आणि पुढे कोकणातून, घाटावरून माणसांचे लोंढे या भागात आले. एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारे कामगार आणि त्यांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बाया यांनी हे गाव वसवले. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा येथील कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि त्यानंतर बहुतेकांना गिरणीचे दार पुन्हा उघडले नाही.

ना. म. जोशी मार्गावर बीडीडी चाळी लागतात. वरळी, नायगाव, शिवडी आणि येथे मिळून अशा २०७ चाळी १९२० नंतरच्या दशकात सरकारी खात्याने बांधल्या. मधोमध बोळ, दोन्ही बाजूंना १६० चौरस फुटांच्या खोल्या आणि मजल्यावर सामाईक संडास. आता त्या पाडून नव्या इमारती उभ्या करण्याचे काम चालू आहे. त्याबद्दल हळहळणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. दुसऱ्याच्या दारिद्र्याला सुंदर म्हणणे हीदेखील एक चैन आहे. ज्या कुटुंबाच्या तीन पिढ्या एका खोलीत वाढल्या, त्याला मोठे घर मिळणे हा न्यायच होय. चाळ जावी, परंतु चाळकरी जाता कामा नये, आणि त्याची आठवणही जाता कामा नये.

या आग्रहाला कारण आहे. लोअर परळचा पूल ओलांडला की फिनिक्स मिलचा धुरांडा दिसतो. धुरांडा जपला गेला, पण त्याच्याभोवती आज बाजार आहे. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे व्हायचे होते: मोकळी जागा, सार्वजनिक घरे आणि मालक. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ रिकाम्या जागेपुरती उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम केली आणि शहराला मिळणारा वाटा अगदीच आक्रसला. वीट वाचली, माणूस हरला. वारसा-जतनाचा हा अर्थ श्रमिकांच्या चळवळीला मान्य होण्यासारखा नाही.

म्हणून प्रत्येक शाखेने आपापल्या वस्तीचा नकाशा स्वतः काढावा. कोणत्या मैदानावर सभा झाल्या, कोणत्या खोलीत युनियनची बैठक भरे, खानावळ कोठे होती, तालीम कोठे होती, हे वृद्ध कामगारांना विचारून लिहून घ्यावे. सांगणारे हयात आहेत तोवरच हे काम होऊ शकेल. आणि मग तरुणांना घेऊन त्या वाटेने पायी जावे. त्यासाठी रविवार सोयीचा. गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे. फिरायला मोकळा मिळणारा तो दिवसही याच वस्तीने मिळवलेला आहे, एवढे चालणाऱ्याने जाणले तरी पहिली पायरी चढल्यासारखे होईल.